भर दुपारची शांतता

घर घेताना घुबडरावांनी माती खाल्ली ती झोपेपायी. तीस वर्षं दवाखान्यात रात्रपाळी केलेला हा माणूस दिवसा झोपायचा, आणि त्यांच्या खोलीखालचा पत्रेवाला नेमका दिवसाच पेट्या ठोकायचा. 'घुबडराव' हे बारसंही त्यानंच केलेलं. म्हणून नवं घर पाहायला गेल्यावर यांनी ना नळ सोडून पाहिला, ना शेजारपाजाराची चौकशी केली. भर दुपारी रिकाम्या खोलीत फरशीवर आडवे झाले, तासभर घोरले आणि उठून दलालाला म्हणाले, "हेच!"

निवृत्त झाल्यावर दिवसा जागायची वेळ आली, तेव्हा कळलं की गल्लीतल्या अकरा घरांपैकी नऊ घरांना कुलूप आहे. बोलायचं तर भिंतींशी. झोपही रुसली.

शेवटी एका दुपारी ते बस धरून पत्रेवाल्याकडे गेले.

"काय घुबडराव, ठोकाठोकीवाचून करमेना वाटतं?" म्हणत त्यानं चहा सांगितला.

"चहा माझ्याकडे ठरला होता. त्या रविवारी येणार होतात ना?"

"आलो होतो की! तुमचं घर विचारायला अख्ख्या गल्लीत माणूस भेटेल तर शपथ. आलो तसा परत गेलो."

त्या रविवारी घुबडराव दोन कप विसळून संध्याकाळपर्यंत दार लोटून आत बसले होते. ते त्यांनी सांगितलं नाही.

"पुढच्या वेळी चहा माझ्याकडेच," एवढंच म्हणाले.

"बघू," म्हणत पत्रेवाल्यानं हातोडा उचलला. त्या दणदणाटात घुबडरावांचा डोळा कधी लागला, त्यांनाही कळलं नाही.