ट्रूडी ब्रुच काठावर थांबत नाही

एकाहत्तराव्या वर्षी ट्रूडी ब्रुचला पाणबुड्यांच्या मंडळाने बढती दिली: पाण्यातून काठावर.

स्वित्झर्लंडमधल्या डिसेनहोफेन गावी, काठावरच्या होडीघरात शनिवारी सकाळी तिघं बसले होते. रविवारी ऱ्हाईन नदीच्या प्रवाहाबरोबर पाण्याखालून वाहत जायचं होतं. मंडळाचा नवा प्रमुख रेटो लिफ्टचा इंजिनिअर, त्यामुळे त्याच्या कागदावर सगळं रेघेत होतं. नदीच्या वरच्या अंगाला उडी, अठ्ठावीस मिनिटं, लाकडी पुलाखालून पार, डाव्या काठाच्या पायऱ्यांवर बाहेर.

"ट्रूडी, तू गाडी घेऊन पायऱ्यांशी ये," रेटो म्हणाला. "या वयात उगाच जोखीम नको."

तिने डॉक्टरचा दाखला टेबलावर आपटला. रेटोने तो वाचलाही नाही. एकोणीस वर्षं तिच्या जोडीने डुबक्या मारणारा सिल्वान कॉफीत बघत बसला, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. टपाल वाटत तिने तीस वर्षं हा काठ तुडवला होता. कोणी तिला नदीवरून हाकलेल, ही कल्पनाच तिला सोसेना.

"या पायऱ्या तुला सापडायच्या नाहीत," ती म्हणाली. "पाण्याची मापं कधीची?"

"मार्चची."

"आणि आता जून. डोंगरावरचं बर्फ कुठे गेलं असेल रे? बसल्या जागेवरून उंटावरून शेळ्या हाकतोस!"

"मापं चुकत नाहीत."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? चला."

सॉसेज भाजायच्या सरपणातलं एक लाकूड उचलून ती पुलाच्या वरच्या अंगाला काठावर गेली आणि ते पाण्यात फेकलं. इथले जुने पाणबुडे असंच करतात, पण नव्यांना त्याची लाज वाटते. तिघंही लाकडाबरोबर काठाने चालू लागले, मग धावू लागले. पुलाखालून लाकूड सुसाट सुटलं, पायऱ्यांकडे ढुंकूनही न बघता पलीकडच्या तीराला लागलं.

"जर्मनीला गेलं," सिल्वान म्हणाला. "पासपोर्ट घेतलाय का बघा."

रेटोचा चेहरा उतरला. ट्रूडीने नदीत रोवलेल्या, होड्यांना वाट दाखवणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या खांबांकडे बोट दाखवलं. "पुलाच्या आधी, त्या दुसऱ्या खांबापाशी तळाला लागायचं, दगड धरत आपल्या काठाला यायचं. पुलानंतर नदी कुणाचं ऐकत नाही."

रेटो तसा माणूस वाईट नव्हता. होडीघरात परतल्यावर त्याने कागद दुरुस्त केला. "बरं, तूही उतर. गाडी सकाळीच तिथे ठेवू. पण तू मधे. मी पुढे, सिल्वान मागे. म्हणजे तुझ्यावर लक्ष राहील."

"मी पुढे."

"ट्रूडी, हट्ट करू नकोस."

"खांब तू ओळखतोस?"

रेटोने कागद उलटून पाहिला. मग सिल्वानने तोंड उघडलं. "मी तिच्यामागे जाईन. तुझ्यामागे यायची मला भीती वाटते."

"आत्ता वाचा फुटली का तुला?" ट्रूडी त्याच्यावर उखडली. "मघाशी कुठे होतास?"

सिल्वानने कॉफीचा कप दूर सारला.

"आणि काही झालं तर?" रेटोने हळूच विचारलं.

"तर मला होईल," ती म्हणाली. "तुझी भीती माझ्या गळ्यात बांधू नकोस. मलाही वाटते. दर वेळी वाटते. ती घेऊनच मी उतरते."

रेटोने आपलं नाव खोडलं आणि पहिल्या जागी तिचं लिहिलं. तिने ते नीट वाचून पाहिलं, मगच कॉफी मागितली.