डाव्या भुवईवरची पट्टी

लातूर जिल्हा होऊन थोडेच महिने झाले होते. वडिलांची नांदेडहून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बदली झाली आणि आम्ही इथे आलो. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, पेशंटची कार्डं नीट लिहील, म्हणून ओळखीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. लिहायला मी बरी होते. बोलणं मात्र जमत नव्हतं. तीन महिन्यांत डॉक्टरांशी "हो सर", "नाही सर" यापलीकडे मी गेले नव्हते. पेशंटशीही कामापुरतंच. माझं मराठी ऐकून बायका प्रेमानंच हसत, पण तेही मला नको वाटे.

शनिवारी मोतीबिंदूची ऑपरेशनं असत. ते दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर येऊन गेल्यावर मागच्या पिंपात पाणी किती, यावर किती जणांना बोलवायचं ते ठरायचं. त्या शनिवारी चौघंच होती.

कार्डावर ज्या डोळ्याचं ऑपरेशन लिहिलेलं असेल, त्याच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, हे माझं काम. मग दर पंधरा मिनिटांनी पट्टी बघून त्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे. आत ऑपरेशनच्या टेबलावरही पट्टी बघूनच काम चाले. पट्टी काढताना भुवईचे केस ओढले जाऊ नयेत म्हणून मी तिचं कानाकडचं टोक जरासं दुमडून ठेवायची. ही माझी मीच लावून घेतलेली सवय.

चौघांत चाकूरकडच्या खेड्यातली एक आजी होती. तिला सोडून मुलगा रोजगार हमीच्या कामावर परत गेला होता. तिच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा कधीच निकामी झाला होता. तिथे ऑपरेशन करून उपयोग नव्हता. आशा होती ती डाव्यातच. बाहेरून मात्र दोन्ही डोळे सारखेच धुरकट दिसत.

थेंब घालायची तिसरी खेप होती. आजीची पापणी ओढून मी थेंब सोडला आणि पुढच्या पेशंटकडे वळताना काहीतरी खटकलं. पट्टीचं दुमडलेलं टोक नाकाकडे होतं.

मी परत वळून पाहिलं. पट्टी उजव्या भुवईवर होती. थेंबही मी उजव्यातच घालत आले होते. थेंब घालताना एकदाही कार्ड पाहिलं नव्हतं.

पहिलं ऑपरेशन तिचंच होतं. आत डॉक्टर हात धूत होते आणि कंपाउंडरकाका तांब्यातून बेताबेताने पाणी सोडत होते. मी दारात उभी राहिले.

"सर."

"काय गं?" काकांनीच विचारलं.

"सर, आजींची पट्टी चुकीच्या डोळ्यावर आहे. मी डाव्यावर लावली होती. थेंबही मी चुकीच्या डोळ्यात घातले. तीनदा."

तांब्या थांबला. डॉक्टर ओले हात वर धरून तसेच बाहेर आले. मी कार्ड त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं.

"आजी, कोणत्या डोळ्याचं करायचं ठरलंय?"

"तुमी म्हनाल त्याचं, साहेब. मला काय कळतंय?"

"मग ही पट्टी कुणी हलवली?"

समोरच्या बाकावर औशाकडची एक बाई आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. ती म्हणाली, "हलिवली कशाला? घामानं गळून पडली व्हती. ह्या बाई कामात व्हत्या, म्हून म्याच लावली. डावा डोळा म्हनलेलं ऐकलं व्हतं म्या." तिने आपल्या डाव्या भुवईला बोट लावलं आणि तेच बोट सरळ समोर, आजीच्या कपाळाकडे नेलं. "ह्यो माझा डावा, त्याच्या म्होरं तिचा डावा. न्हाई का?"

"आरशात बघून लावली म्हणायची!" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि आमच्या बाईला बोलता येतंय की!"

डॉक्टर रागावले नाहीत. "या थेंबांनी उजव्याला काही होत नाही. उद्यापर्यंत असर उतरेल. आता डाव्यात घाल, आजींना शेवटी घेऊ. आणि यापुढे थेंबाच्या आधी कार्ड."

"हो सर," मी म्हणाले.

मी पट्टी डाव्या भुवईवर लावली. कार्ड हातात धरून दर वेळी मोठ्याने "डावा" म्हणत थेंब घातले. आजीही माझ्यामागून "डावा" म्हणायची. चौथं ऑपरेशन तिचं झालं. पाणी पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिचा डोळा उघडला, पुसला आणि नाकावर जाड भिंगांचा तात्पुरता चष्मा ठेवला. मी भिंतीला टेकून उभी होते. डॉक्टरांनी बोटं दाखवली.

"तीन," ती म्हणाली. "आता दोन." मग तिने मान फिरवली. शेजारच्या खाटेवर औशाची बाई एका डोळ्यावर बोळा बांधून बसली होती. आजी तिच्याकडे निरखून बघत राहिली.

"तूच का गं ती पट्टीवाली?"

"हाव, मीच. का?"

"आवाजावरनं जवान वाटली व्हतीस. तू तर माझ्यावानी म्हातारी हायेस की!"

"बघा डाक्टरसाहेब, दिसाया लागलं की तोंड सुटलं हिचं!"

डॉक्टरही हसले. मी जाऊन खुर्चीत बसले. रात्री मला जेवण गेलं नव्हतं. काकांनी चहा आणि दोन बिस्किटं पुढे केली. ती संपवून मी आणखी दोन मागून घेतली.