चौदा परक्या पत्त्यांची कार्डं

१४ फेब्रुवारी २०२५. रुपये सहा हजार एकशे पन्नास. एक्केचाळीस जुन्या पोस्टकार्डांना चौकटी बसवण्याचा हा खर्च बारामतीतल्या आमच्या वाचनालयाच्या समितीने मंजूर केला आणि प्रदर्शनाचं काम माझ्याकडे दिलं. मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. निवृत्तीला अकरा महिने उरलेत.

कार्डं लासुर्ण्याच्या रामभाऊंची. सदतीस वर्षं त्यांनी वाड्यावस्त्यांवर सायकलवरून टपाल वाटलं. छंद एकच, शहरांतल्या जुन्या इमारतींची पोस्टकार्डं जमवण्याचा. बाजाराच्या दिवशी इंदापुरात रद्दीवाल्याकडे बसून त्यांनी त्यातली बहुतेक एकेक करून निवडली. राजाबाई टॉवरच्या खिडक्या त्यांना पाठ आहेत. मुंबईला मात्र ते एकदाच गेले, चैत्यभूमीला, आणि गर्दीत टॉवर बघायचा राहून गेला. बिस्किटाच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून कार्डं ठेवतात आणि हात पुसल्याशिवाय कुणाला देत नाहीत.

यादी करताना मी पत्ता, टपालाचा शिक्का आणि तारीख लिहून घेतली. मजकूर वाचला नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. पण चौदा कार्डांवर रामभाऊंच्याच हद्दीतल्या लोकांचे पत्ते होते आणि तारखा त्यांच्या नोकरीच्या काळातल्या. पोस्टमनच्या डब्यात लोकांची पत्रं कशी? त्या रात्री मला झोप लागली नाही. यादीखाली, कार्डं रामभाऊंच्या मालकीची आहेत, या दाखल्यावर माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी लासुर्णं गाठलं. रामभाऊ अंगणात शेंगा फोडत होते.

"ही चौदा तुमच्याकडे कशी आली?" मी विचारलं.

"मागचं वाचलं न्हाई का, नीळकंठराव?"

"नाही."

"मग वाचा की. माणसं मेली, आता कोण रागावतंय?"

मी वाचलं. चौदाही कार्डांवर मयताची खबर होती.

"मयताचं पत्र घरात कोण ठेवतं?" रामभाऊ म्हणाले. "मी वाचून दावायचो, मग माणसं म्हणायची, फाडून टाक. साधी कार्डं फाडली मी, लई फाडली. पण चित्राची फाडायला हात धजंना. आमच्यात शकुन-अपशकुन न्हाय, वडलांनी छप्पन सालीच सोडलं ते."

उत्तर सरळ होतं, म्हणूनच मला ते पटेना. पत्र वाचून दाखवलं याला पुरावा काय? चित्राच्या मोहाने मयताची खबरच दिली नसेल, तर चोरीपेक्षा वाईट. मी तसं बोलूनही दाखवलं.

रामभाऊंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "सदतीस वर्षांत माझ्यावर एक तक्रार न्हाय," ते म्हणाले. "उठा. रंगुबाई अजून हाय, काटेवाडीला लेकीकडं. तिलाच इचारा."

रिक्षाने आम्ही काटेवाडी गाठली.

रंगुबाई गोठ्याजवळ बाजेवर बसल्या होत्या. नव्वदीच्या, पण कणा ताठ. मी विचारायच्या आधीच त्यांनी रामभाऊंना ओळखलं.

"कोण, टपालवाला? मेला न्हाईस व्हय अजून?"

"तुमच्या आधी कसा मरीन, आक्का?"

मी त्यांच्या पत्त्याचं, राजाबाई टॉवरचं कार्ड पुढं केलं आणि विचारलं, "हे पत्र तुम्हाला मिळालं होतं का?"

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. "धाकला दीर माझा. गोदीत कामाला व्हता. असली चित्रं धाडायचा. त्यो गेल्यावर त्याच्याच ट्रंकंतलं कोरं कार्ड घिऊन जोडीदारानं लिवलं. ह्यानं बांधावर वाचून दावलं. मी खाली बसले, तर पाणी ह्यानंच आणलं." मग त्या रामभाऊंकडे वळल्या. "आन तुला फाड म्हणलं व्हतं ना रं?"

"व्हय, आक्का."

"मग? इतकी वरसं माझ्या दिराचं मरान डब्यात घालून बसलास? आन आता भिताडावर लावतूस?"

रामभाऊंनी मान खाली घातली. माझा संशय फिटला होता, पण त्यांच्याकडे बघवेना.

"फाड," रंगुबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "आजी, हे इतकं जुनं छापील..."

"तुमी गप बसा, सायेब. तुमचा कोण गेलाय?"

रामभाऊंनी हात सदऱ्याला पुसले. कार्ड मधोमध फाडलं, मग पुन्हा मधोमध. घड्याळाचे दोन तुकडे झाले. कार्डाचे चारही तुकडे त्यांनी रंगुबाईंच्या हातावर ठेवले आणि रंगुबाईंनी शेणाच्या पाटीत टाकले.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाकीच्या तेरा घरी जाऊन इचारतो. तोवर ती लावू नका."

प्रदर्शन सत्तावीस कार्डांचं झालं. मालकीच्या दाखल्यावर माझी सही आहे. रामभाऊंची माफी मी मागितलेली नाही. काटेवाडीहून परतताना रिक्षाचे साठ रुपये रामभाऊंनी भरले. ते माझ्याकडून त्यांना देणं आहे.