राधाची अकरा वर्षं

आदरणीय यशवंतराव कुलथे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली, हे या गौरवग्रंथात लिहायला मला मुळीच लाज वाटत नाही. आमच्या मळ्यातली शेवंती घेऊन मी शहरातल्या द्वारका चौकाजवळ विकायला बसत असे. एक गिऱ्हाईक फुलं नुसतं चिवडत होतं आणि मी त्याची चांगली खरडपट्टी काढत होते. शेजारी उभे असलेले सर म्हणाले, "मुली, तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. नाटकात काम करशील?" मी म्हटलं, "आधी फुलं घ्यायची का नाही ते सांगा!" सरांनी दोन हार घेतले आणि तालमीचा पत्ता देऊन गेले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं आराम करतात. सरांनी फिरती नाटक मंडळी काढली आणि एका कादंबरीचं नाटक केलं. पाटाच्या पाण्यातला आपला वाटा भावाकडे मागणाऱ्या राधाची ती गोष्ट. मेटॅडोरमध्ये पडदे, पेट्या आणि आम्ही सात जण. आज देवळाली कॅम्प, तर उद्या पेठ. सरांची एक रीत होती. विंगेत ते नाटकाची संहिता नव्हे, मूळ कादंबरीच हातात धरून उभे राहत. "संहिता मी लिहिलीय, ती चुकू शकते," असं म्हणत. प्रवासात ती कादंबरी आमच्याकडून मोठ्यानं वाचून घेत. मी वाचताना सारखी अडखळायची, पण सरांनी कुणाला हसू दिलं नाही.

राधाचं काम मला मिळालं आणि घरात वादळ उठलं. माझ्या वडिलांनी, दादांनी, सरळच सांगितलं, "एक खेळ बघतो. नाय पटला, तर तुझं नाटक बंद." सर स्वतः मळ्यावर आले आणि दादांना दिंडोरीच्या प्रयोगाचं आमंत्रण देऊन गेले.

दिंडोरीला द्राक्षबागांची फवारणी आटपून माणसं मांडवात जमली होती. पुढेच दादा, हाताची घडी घालून. त्यांना पाहिलं आणि माझं डोकंच चालेना. पहिल्या अंकात भाऊ म्हणतो, "राधा, घरी चल," आणि राधा मुकाट्यानं त्याच्यामागे जाते. तिसऱ्या अंकात तो पुन्हा हेच म्हणतो, तेव्हा ती म्हणते, "माझं घर इथंच आहे." मी बया ते पहिल्याच अंकात बोलून बसले! भावाचं काम करणारा गडी माझ्याहून शहाणा. त्यानं तिसऱ्या अंकातलं पुढचं वाक्य ठोकून दिलं. आता चार वाक्यांत नाटक संपणार होतं आणि त्याबरोबर माझं नाटकही.

एवढ्यात सर विंगेतून चालत रंगमंचावर आले. अंगात साधा बुशशर्ट, हातात कादंबरी. म्हणाले, "मंडळी, हे उत्तर द्यायला राधाला अकरा वर्षं लागली. ती अकरा वर्षं आता बघा." मग त्यांनी एक पान शांतपणे वाचलं. तेवढ्यात आम्ही सावरलो आणि नाटक पुन्हा पहिल्यापासून नीट केलं.

खेळ संपल्यावर दादा पडद्यामागे आले. "सर, मधी पोरगी चुकली ना?" मला वाटलं, सर सांभाळून घेतील. कसलं काय! "चुकली," सर म्हणाले. "पण तिच्या चुकीनं मला नाटकाची सुरुवात सापडली. आता रोज असंच करणार." दादांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "उद्याचा खेळ कुठं हाय?" मी तिथंच पेटीवर बसून रडले.

पुढे नाटक नेहमी त्याच उत्तरानं सुरू झालं. जिथं जिथं सरांचं कौतुक झालं, तिथं तिथं त्यांनी मला पुढे ढकलून सांगितलं, "ही सुरुवात माझी नव्हे, हिची." आपलं श्रेय असं चारचौघांत देऊन टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आज पंच्याहत्तरीतही सर नवा संच उभा करत आहेत. त्यात लहानपणची राधा माझी लेक करते. तिला तालमीला दादाच घेऊन जातात आणि तालीम पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तर सरांवरच चिडतात. सर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. साखर सांभाळा, गुडघ्याचं ऑपरेशन एकदाचं उरकून घ्या. माझी लेक मोठ्या राधाचं काम करील, तेव्हा विंगेत तुम्हीच उभे हवेत. चुकायचा धीर तिलाही यायला हवा ना!