यान्नीसाहेबांच्या घुगऱ्या

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांस तर आवर्जून, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचा भुताखेतांवर विश्वास नाही. पूर्वी नव्हता, आज नाही, आणि आज रात्री घरातले दिवे गेले तरी बहुधा नसेल.

मग भुताखेतांच्या या सदरात का तडमडलास बाबा, असं तुम्ही विचाराल. तर... एक गोष्ट अशी आहे की तिचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही. रात्रीची नाही, भर सकाळची, लख्ख उन्हातली. अमावास्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. आहेत त्या शेळ्या. ज्यांची निराशा झाली असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

ठिकाण: तेर, जिल्हा उस्मानाबाद. गावात नव्हे, स्टेशनाकडं. छोट्या रुळांची गाडी जिथं दम खायला थांबायची, त्याच्या जरा अलीकडं एक बंद पडलेलं जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, पुढं आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. नकाशावर गेला, मी तेरलाच राहिलो. जिनिंगच्या नव्या मालकानं मला तिथं कारकून म्हणून ठेवलं होतं. काम काय? तर यंत्रं चोरीला जाऊ द्यायची नाहीत. गंजली तर गंजू द्यायची. लग्न झालेलं नव्हतं, घर तुळजापूरला. सोबतीला कोळिष्टकांत अडकलेला जुना कापूस. गाडी शिट्टी मारून गेली की मागं एवढी शांतता उरायची की स्वतःच्या वहाणांचा आवाजसुद्धा सोबतीसारखा वाटायचा.

आणि आवारातल्या बंगलीत यान्नीसाहेब.

हा माणूस ग्रीक. होय, थेट ग्रीस देशाचा! जुन्या काळी आमच्याकडचा कापूस घेणाऱ्या एका ग्रीक पेढीनं त्यांना इथं आणलं. पुढं पेढी गेली, जिनिंग विकलं गेलं, साहेब राहिले. नव्या मालकानं बंगली त्यांच्याकडं हयातभर राहू दिली. साठी केव्हाच उलटलेली, पांढऱ्या झुबकेदार भुवया, डोक्यावर हॅट, आणि पायांत तेरच्या चांभारानं शिवलेल्या वहाणा. माझ्याशी इंग्रजी बोलायचे, गावाशी हैदराबादी दखनी. तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, नांगर घातला की कधीकधी फार जुने मातीचे दिवे निघतात, त्यांच्या मुलखाच्या घाटाचे. साहेब म्हणायचे, "दिनकर, माझे पूर्वज इथवर येऊन दिवे विकून गेले. आणि मला माझ्या देवापुढं करडईचं तेल जाळावं लागतंय!"

देव म्हणजे भिंतीवरच्या फळीवर ठेवलेली संत निकोलसची काळवंडलेली तसबीर. हा खलाशांचा राखणदार. साहेब ख्रिस्तीच, पण सोलापूरच्या चर्चमधल्यांसारखे नव्हेत. ऑर्थोडॉक्स, जुन्या चालीचे. यांचा ईस्टरसुद्धा बहुतेक वर्षी बाकीच्यांच्या नंतर यायचा. त्या दिवशी उकडलेली अंडी लाल रंगवायची आणि दोघांनी एकमेकांच्या अंड्यावर आपटायची. ज्याचं फुटणार नाही तो नशीबवान. आता दुसरा माणूस आणायचा कुठून? मी तुळजापूरच्या उपाध्यांच्या घरातला, अंड्याला शिवायची सोय नाही. मग साहेब एक अंडं उजव्या हातात धरायचे, एक डाव्यात, आणि आपणच आपल्याशी खेळायचे. मी अंपायर. "लेफ्ट हँड विन्स!" असं मी ओरडलो की ते स्वतःच्या डाव्या हाताचं अभिनंदन करायचे... हसू येतंय ना? मलाही यायचं. खोलीवर परत आलो की मात्र घरी तुळजापूरला पत्र लिहायला बसायचो.

एका रविवारी मला कळलं, साहेब सकाळी दिव्यापुढं नावं वाचतात. वाचतात म्हणजे तोंडपाठ म्हणतात. आधी जिवंत माणसांची, मग मेलेल्यांची. जिवंतांची यादी आटत आटत एवढीशी झालेली. त्यात शेवटी "दिनकर" ऐकून मी दचकलो. आणि दोन याद्यांच्या मधे ते थांबायचे. चांगलं श्वासभर थांबायचे, ओठ हलायचे, पण आवाज नाही.

"तिथं कोण?" मी विचारलं.

"माझा भाऊ," ते म्हणाले. "मिखाली. मोठा."

मग भावाची हकीकत सांगितली. त्यांच्या बेटावरचे लोक समुद्राच्या तळाचे स्पंज काढायचे. ईस्टर झाला की होड्या आफ्रिकेच्या किनाऱ्याकडं निघायच्या. छातीशी जड दगड धरून बुडी मारायची, कमरेला दोर. मिखालीला नुकतं मिसरूड फुटलं होतं. एका सकाळी तो दगड धरून खाली गेला, आणि दोर वर आला... नुसता दोर. कुणी म्हणालं बुडाला. कुणी म्हणालं दुसऱ्या होडीनं उचलला, अलेक्झांड्रियात दिसला होता. धाकटा यान्नी त्याच्या शोधात जहाजावर कारकून झाला. अलेक्झांड्रिया, पोर्ट सैद, बैरुत, सायप्रस... आपण परंडा, भूम, ईट ही आसपासची गावं म्हणावीत तशा सहज सुरात साहेब ही बंदरं सांगायचे. प्रत्येक धक्क्यावर तेच विचारायचं. प्रत्येक धक्क्यावर कुणीतरी म्हणायचं, पुढच्या बंदरात विचार. असं पुढच्या बंदरात विचारत विचारत हा माणूस शेवटी जिथं समुद्रच नाही अशा तेरला येऊन थांबला!

"जिवंतांत त्याचं नाव घेऊ, तर देवाशी खोटं बोलल्यासारखं होतं," ते म्हणाले. "मेलेल्यांत घेऊ, तर मीच त्याला मारला. म्हणून थांबतो."

त्या उन्हाळ्यात सोलापूरच्या डॉक्टरनं त्यांचं हृदय तपासलं आणि दगदग बंद करायला सांगितलं.  परत आल्यावर तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "दिनकर, मी गेल्यावर त्या मधल्या जागेत थांबणारं कुणी नाही. मिखाली कुठल्याच यादीत उरणार नाही. आता ठरवलं पाहिजे."

ठरवलं म्हणजे काय, तर त्यांच्यात ईस्टरनंतर एक शनिवार येतो, आत्म्यांचा. त्या दिवशी मेलेल्यांच्या नावानं गहू उकडतात, त्यात साखर, मनुका, बदाम घालतात, मेलेल्याचं नाव मोठ्यानं उच्चारतात आणि आल्यागेल्याला वाटतात. आईबापांचे गहू साहेब दरवर्षी वाटीभर उकडायचे आणि एकटेच खायचे. या वेळी मिखालीसाठी उकडायचे, चांगले पातेलंभर, आणि वाटायचे.

आता हुशार वाचकांच्या लक्षात घोटाळा आला असेल. माझ्या आला नाही! उकडलेले गहू म्हणजे आपल्या घुगऱ्या. आणि आपल्याकडं घुगऱ्या केव्हा वाटतात? बारशाला!

शनिवारी सकाळी मी निंबाखाली पातेलं मांडून बसलो. घुगऱ्यांची बातमी शेळ्या वळणाऱ्या साळूबाईनं गावभर केली होती. ही धनगरवाड्यातली म्हातारी साहेबांना रोज दूध घालायची. बघतो तर काय, ओळीनं बायका येतायत. नटूनथटून. एकीच्या हातात नारळ, एकीच्या हातात कुंची. साळूबाई सगळ्यांत पुढं.

"काय वो सायब," ती फाटकातूनच ओरडली, "ल्योक का लेक?"

"क्या बोल रई?" साहेबांनी गोंधळून मलाच दखनीत विचारलं.

मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं, की यांना वाटतंय तुमच्या देशी नातवंड झालं. हे आमच्याकडं जन्माचं खाणं आहे. थांबा, मी समजावून सांगतो...

साहेबांनी त्या बायकांकडं बघितलं, नारळाकडं, कुंचीकडं बघितलं. मग म्हणाले, "नको. काही सांगू नकोस. त्यांना बोल, ल्योक."

बायकांनी ओटीवर फेर धरला. पाळणा नव्हता, कापसाची जुनी टोपली मधे ठेवली, तिच्यात कुंची ठेवली. आणि मग साळूबाईनं तो प्रश्न विचारला, जो बारशाला विचारावाच लागतो.

"नाव काय ठिवायचं?"

मी साहेबांकडं बघितलं.  आयुष्यभर जे नाव दिव्यापुढं ओठांतून बाहेर आलं नव्हतं, ते आज मेलेल्याचं म्हणून उच्चारायचं होतं, आणि इथं दहा-पंधरा बायका ते तान्ह्या बाळाचं म्हणून मागत होत्या.

"मिखाली," साहेब म्हणाले. मोठ्यानं.

"आगं बया, ह्ये कसलं नाव!" कुणीतरी फिस्सकन हसलं. पण बायकांनी लगेच ते पाळण्याच्या गाण्यात बसवलं, झोके घेत घेत, जो जो रे मिखाली बाळा... साहेब भिंतीला टेकून ऐकत होते. इतकं एकटं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, अंड्यांशी खेळतानासुद्धा नाही.

मी द्रोण भरून वाटत होतो. साळूबाई आपला द्रोण घेऊन फाटकाकडं गेली, शेळ्या बाहेर सोडल्या होत्या म्हणून. थोड्या वेळानं रिकाम्या हातानं परत आली.

"दिनकरराव, आनखी घाला."

"आत्ता तर दिल्या, मावशी! पोट आहे का पोतं?"

"आरं, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेली बाई मी, मला शिकवतूस? म्या न्हाय खाल्ल्या. फाटकात एक पोरगं आलतं, त्याला दिल्या. लई भुकेजलेलं."

"कुणाचं पोरगं?"

"मला काय ठावं? हितलं न्हाय. नुकतंच मिसरूड फुटलेलं. आन् पार निथळत हुतं बघ, केसांतनं पानी गळत हुतं. म्हनलं, आरं कुठल्या हिरीत पडलास? तर हासलं नुस्तं. द्रोण चाटूनपुसून खाल्ला."

उन्हाळा असा, की तेरणा नदीत वाळू आणि विहिरींत गाळ. माझ्या हातातला डाव तसाच पातेल्यात पडला. मी फाटकाकडं धावलो.

फाटकापासून रस्ता सरळ स्टेशनाकडं जातो. दोन्ही बाजूंना रिकामी काळी रानं, ना झाड ना बांध. पार रुळांपर्यंत कोंबडी पळाली तरी दिसावी. कुणीही नव्हतं. उंबऱ्याच्या दगडाशी रिकामा द्रोण पडलेला. आणि साळूबाईच्या शेळ्या, एकूण एक शेळी त्या दगडाला तोंड लावून चाटत होती. एकमेकींना ढुशा देऊन चाटत होत्या.

"ह्या रांडांना काय झालं?" मागून साळूबाई आली. "मीठ सांडलं व्हय रं हितं?"

साहेबही आले होते. मी त्यांना तिचं सगळं बोलणं सांगितलं. ते गुडघ्यांवर बसले, शेळ्यांमधून हात घालून दगडाला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं. 

आता माझी साक्ष. कुणी आगगाडीतून उतरलेला पोरगा असेल का? गाडी त्या वेळची नव्हतीच. मिठाचं पोतं कुणी तिथं टेकवलं असेल का? असेल, पण निथळणाऱ्या केसांचं काय करू? म्हातारीनं रचलं म्हणावं, तर भावाची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती आमच्यात इंग्रजीत झाली होती, आणि त्या बायकांच्या लेखी मिखाली म्हणजे परदेशात जन्मलेलं नातवंड. मी दगड चाखला का? नाही. धीर झाला नाही. 

एवढं सांगतो, की दुसऱ्या दिवशी रविवारी मी मुद्दाम बंगलीवर गेलो. साहेबांनी जिवंतांची नावं घेतली आणि मधे न थांबता मेलेल्यांची सुरू केली. पहिलंच नाव मिखाली. आवाज कापला नाही. पुढं दोन वर्षांनी ते स्वतः गेले, तेव्हा मी तुळजापूरहून गहू आणून उकडले. साळूबाई जेवढ्या बायका जमतील तेवढ्या घेऊन आली, आणि या वेळी कुणी पाळणा म्हटला नाही.

पण त्या शनिवारी फाटकात साहेब दगडाशी बसलेले असताना जे झालं, ते सांगायचं राहिलंच. साळूबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत होती. एकदम चिडली. नंतर कितीही खोदून विचारलं, तरी 'तोंडातनं निघून गेलं, मला काय ठावं' यापलीकडं तिला काही सांगता आलं नाही. त्या वेळी मात्र ती साहेबांवर अशी ओरडली, की ओटीवरच्या बायका उठून बघायला लागल्या:

"आवं सायब, थोरला भाऊ एवढ्या लांबनं दारात आला, आन् तुमी त्याला बस म्हनला न्हाईत?"