विहिरीवरचा पहारेकरी

अंधेरीचा तो रंगाचा कारखाना बुडाला आणि कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेला. आवारातील विहिरीत रसायने मुरली होती. ती बुजवली जाईपर्यंत तेथलाच एक जुना कामगार तिच्यावर पहारा करी. शाळेत शिकवायला जाताना मला तो रोज दिसे. लहान मुलांनाही तो अहो-जाहो करी.

एकदा नळाला पाणी आले नाही, तेव्हा शेजारच्या चाळीतील म्हातारी कळशी घेऊन आली.

“मावशी, इथलं नका भरू.”

“काय रे, कारखाना चालू होता तेव्हा तूच पाजायचास ना सगळ्यांना?”

“पाजायचो. धाकटा भाऊ इथंच कामाला होता, त्यालाही पाजलं. गेला तो.”

म्हातारी रिकामी कळशी घेऊन वळली. मागून येणाऱ्या बायकांना तिनेच परत फिरवले.