डुकराची गोळी

टॉरब्योल गावच्या चर्चमधली रविवारची उपासना कधी आटोपणार, हे पाद्रीबाईंच्या प्रवचनावर कधीच अवलंबून नव्हतं. ते अवलंबून होतं मेरेते बुंगोरवर. ऑर्गनवर ती बसायची, आणि ती ज्या लयीत वाजवेल त्याच लयीत सगळ्या गावाला गीतं म्हणावी लागायची. ऑर्गनपुढे कुणाची मात्रा चालणार? पुढे पळता येत नाही आणि मागे पडलं की शेजारचे वळून बघतात.

तरुणपणी मेरेतेची लय अशी पक्की होती की आजूबाजूच्या गावांतून लग्नासाठी तिला बोलावणं यायचं. पन्नाशी उलटली आणि गीतं लांबायला लागली. म्हातारी मंडळी एकेका ओळीत दोनदा श्वास घ्यायला लागली. चर्च समितीचा अध्यक्ष एगॉन दुधाचा धंदा करणारा, जिभेला हाड नसलेला माणूस. तो एका लग्नानंतर म्हणाला, "अगं मेरेते, वेदीपर्यंत पोचेस्तोवर नवरीचे केस पिकले की!"

मेरेते हसली. घरी येऊन कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिली. जून महिना होता आणि तिच्या पायांत लोकरीचे मोजे होते. केस मूठमूठ गळत होते, आवाज घोगरा झाला होता, आणि शेजारणीचं नाव ओठावर येईपर्यंत शेजारीण निघून जायची. आळस म्हणायला लोकांना काय जातं! तिला स्वतःलाही तो आळसच वाटत होता, आणि त्याची लाज वाटत होती.

गावची डॉक्टर लीने हिनं रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉईड मंदावलाय. कारखान्यात बनलेल्या संप्रेरकाची बारीक पांढरी गोळी सुरू झाली, रोज सकाळी उपाशीपोटी. रक्तातले आकडे ताळ्यावर आले. मेरेते काही आली नाही.

"आकडे अगदी छान आहेत," लीने म्हणाली.

"मग आकड्यांनाच कॉफीला बोलव," मेरेते म्हणाली. गावात डॉक्टरलाही अगं-तुगंच चालतं. "मला नको बोलवू, मला झोप येते."

लीने वाईट डॉक्टर नव्हती. तिनं मात्रा थोडी वाढवली, लोह तपासलं, झोपेची चौकशी केली, सगळं करून झालं. शेवटी ती प्रामाणिकपणे म्हणाली, "बहुतेकांना या गोळीनं बरं वाटतं, मेरेते. काहींना नाही वाटत. का, ते मलाही नीट सांगता येत नाही."

मेरेतेची गायकवृंदातली एक मैत्रीण होती, तिनं दुसऱ्या गोळीचं नाव काढलं. ही गोळी डुकराच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून, दळून केलेली. सगळे डॉक्टर ती लिहून देत नाहीत. ऑर्हूस शहरातला एक डॉक्टर देत होता. मेरेते तिथं गेली आणि तपकिरी बाटली घेऊन आली.

विलीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हसू आवरेना. त्याची सगळी नोकरी कत्तलखान्यात गेलेली. "जन्मभर ते गळ्यातलं मी वेगळ्या टोपलीत टाकत आलो," तो डोळे पुसत म्हणाला, "आणि आता ते बाटलीत बसून माझ्याच घरी मुक्कामाला आलं!"

"तुझ्या हाताखालून गेलंय म्हणजे चांगलंच साफ केलेलं असणार," मेरेते म्हणाली आणि गोळी पाण्याबरोबर घेतली.

काही आठवड्यांनी एका सकाळी ती उठली आणि तिला चक्क भूक लागली होती. एवढ्याशा गोष्टीनं तिला रडू आलं. डोक्यातलं धुकं उठलं होतं. मोजे कपाटात गेले. तिनं कोंबड्यांचं खुराडं रंगवलं, बहिणीला फोन केला, तिच्याशी कडाडून भांडली आणि दुसऱ्या दिवशी समेटही केला. विली दारात उभा राहून हे सगळं पाहायचा. "बायको आली परत," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला.

पण सुख हाताशी आलं की माणसाला ते निसटेल अशी धास्ती लागते. जरा कुठे डोळे जड झाले की मेरेतेला वाटे, आलं धुकं परत. ती आणखी अर्धी गोळी घेई. मग दुपारीही अर्धी. ऑर्हूसच्या डॉक्टरला विचारलं नाही, लीनेला कळवलं नाही, विलीलाही नाही. जेवताना ती तीनदा उठायची, कधी खिडकी लावायला, कधी उघडायला, कधी नुसतीच. कपाची किणकिण व्हायची म्हणून तिनं बशी वापरणंच सोडून दिलं. अंगात कुणीतरी सतत येरझारा घालतंय असं तिला वाटायचं, आणि तरीही ती येरझार तिला त्या धुक्यापेक्षा प्यारी होती.

ऑर्गनलाही पाय फुटले. आधी गाव खूश झालं. उपासना लवकर सुटायची आणि कॉफी गरम मिळायची. एगॉन म्हणाला, "अशीच वाजव, माझ्या गाई खोळंबत नाहीत!"

मग शाळेच्या जुन्या बाई योहान्ना वारल्या. शेवटच्या गीतावर सहा जणांनी शवपेटी उचलली, पुढे एगॉन. ऑर्गन वाजत असला की पावलं आपोआप त्याच्या तालात पडतात. वर ऑर्गनच्या सज्जात मेरेतेची बोटं धावत होती आणि छातीत काहीतरी फडफडत होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा फडफडत होतं. हळू वाजवायचं आहे हे तिला कळत होतं, आणि जमत नव्हतं. खाली सहा माणसं जवळजवळ पळत निघाली. उंबऱ्यावर एगॉनचा पाय अडखळला, पेटी कलली, वरचं फुलांचं चक्र घरंगळून पायरीवर पडलं. योहान्नाबाईंच्या मुलीनं मागे वळून वर ऑर्गनकडे पाहिलं. मेरेतेला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

वाढवलेल्या गोळ्यांचं सगळं ऐकून घेऊन लीनेनं मेरेतेचा ईसीजी काढला. विली शेजारच्या खुर्चीत टोपी चुरगाळत बसला होता.

"हृदयाचा ताल सुटलाय," लीने म्हणाली. "दोष एकट्या गोळीचा नाही, तू घेतेस त्या मात्रेचा आहे. पण त्या गोळीत जोरकस संप्रेरकाचं प्रमाण माणसाच्या शरीरात असतं त्याहून जास्त असतं, म्हणून ती सांभाळून घ्यावी लागते. दोन वाटा आहेत. जुनी गोळी पुन्हा सुरू करायची. नाहीतर हृदय ताळ्यावर आलं की डुकराचीच, पण थोडी, आणि माझ्या नजरेखाली. जोखीम तुझी आहे, म्हणून ठरव तू."

मेरेतेनं तोंड उघडलं. त्याआधीच विली म्हणाला, "जुनी. जुनीच दे."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बघून मेरेते गप्प बसली.

शरद ऋतूत हृदय शांत झालं. मोजे कपाटातून बाहेर आले. मेरेते खिडकीशी बसायची आणि बाहेर पानं पडताना बघायची, म्हणजे डोळे तिकडे असायचे. विली तिला काहीबाही विचारायचा. ती "हो" म्हणायची. खुराड्याला रंगाचा दुसरा हात द्यायचा का, हो. बहिणीला बोलवायचं का, हो. मग तो बहिणीला फोन करायचा नाही, आणि तिच्या ते लक्षातही यायचं नाही.

एका रविवारी उपासना संपली. गीतं संथ झाली होती, अगदी गावाला झेपतील अशी. सगळे कॉफीला बसले. एगॉननं मेरेतेच्या पुढ्यात केकचा तुकडा सरकवला आणि मोठ्यानं म्हणाला, "आता कसं! आता तू पुन्हा आपली जुनी मेरेते झालीस."

टेबलाभोवती माना डोलल्या. मेरेतेनंही हसून मान डोलावली.

"नाही," विली म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. चारचौघांत बोलणाऱ्यांतला विली नव्हता.

"ही ती नाही. तिला मी घालवलं. डॉक्टरनं विचारलं हिला, आणि उत्तर दिलं मी. ही मरेल अशी भीती वाटली मला. आता घरात कुणी भांडतही नाही माझ्याशी."

कुणीतरी उगाच साखर ढवळली. मेरेतेनं कप खाली ठेवला. तिच्या कानशिलापाशी काहीतरी तापायला लागलं होतं. ते काय आहे हे समजायला तिला थोडा वेळ लागला. राग होता. कितीतरी दिवसांत तिला काहीच वाटलं नव्हतं, रागसुद्धा आला नव्हता.

"म्हणजे मी रोज सकाळी उपाशीपोटी तुझी भीती गिळतेय," ती म्हणाली.

तिनं केकचा तुकडा बाजूला सारला.

"उद्या लीनेकडे जाणार आहे मी. डुकराचीच घेईन, पण ती मोजून देईल तेवढीच, कणभरही जास्त नाही. छाती पुन्हा फडफडली तर बंद करेन. तेही मीच ठरवेन."

"मी येऊ?" विलीनं हळूच विचारलं.

"गाडी तू चालव," मेरेते म्हणाली. "पण बाहेरच बसून राहा."